ढवळीचं आवतन

काका, आज खांदमळणी आहे, आणि आपल्या गोठ्यात घरच्या कोणीही अजून पाऊल ठेवलेलं नाही.

सकाळपासून बेल्यात बैल धुणं चाललंय. नाल्याकडून घुंगरांचा आवाज येतोय, पोरं शिंगांच्या रंगावरून भांडताहेत. संध्याकाळी घराघरांतून वाटीत तूप-हळद निघेल, पळसाच्या पानांनी बैलांचे खांदे चोळले जातील, आणि प्रत्येक जोडीच्या कानाशी तेच म्हटलं जाईल, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ज्या खांद्यावर वर्षभर जू ठेवलं त्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी रीतसर बोलावणं. आपल्याकडे मात्र तुमची तेरवी व्हायची आहे. सुतकाच्या घरात पोळा नाही. बाबा ओसरीत घोंगडीवर बसून आहेत, काकू आतल्या खोलीत. हरण्या आणि पाखऱ्या दावणीला उभे राहून दुसऱ्यांच्या बैलांचे घुंगरू ऐकताहेत, आणि त्यांच्या शेजारी पत्र्याखाली ढवळी उभी आहे.

काल भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, ढवळी म्हणजे कोणती, गाय का? मी म्हटलं, मोटार. दुःखात माणसाचं डोकं फिरतं, असं त्यांना वाटलं असावं.

तुम्हाला एक तक्रार सांगायची आहे, काका, आणि ती तुमच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. मला तुमचं सुतक नाही. सासरहून नदी ओलांडून मी धावत आले, तुमच्या पायाशी बसले, आणि तुम्हाला घेऊन गेल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या मला म्हणाल्या, तू लग्न झालेली पोर, आता दुसऱ्या गोत्राची, आंघोळ केली का झालं. बाबांना सुतक, काकूला सुतक, तुमचं तोंडही कधी धड न पाहिलेल्या चुलत भावकीला सुतक. मी तेवढी मोकळी. कुणी माझ्यावर मेहेरबानी केल्यासारखं बोललं आणि मला इतका राग आला की मी विहिरीवर जाऊन रडले. तुमच्यासाठी शिवाशीवही पाळायची नाही, बाजूलाही बसायचं नाही, तर मग मी तुमची कोण होते?

याचं उत्तर मला ठाऊक आहे, पण ते सांगायला मला दोन वर्षं मागे जावं लागतं, राज्य वेगळं झालं त्या साली.

त्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. आधी पटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, बंदी आली, मग तेलंगणा झालं. गावानं दुसऱ्या गोष्टीचा गुलाल उधळला, आणि तुम्ही पहिल्या गोष्टीसाठी ओसरीत बसून राहिलात. पैनगंगेपलीकडे, महाराष्ट्रात, जिथं जिथं शंकरपट भरायचा, तिथं बैलांची जोडी घेऊन जायचात तुम्ही. छकड्यावर उभं राहून जोडी हाकणारा तो धुरकरी, आणि देवराव धुरकरी म्हटलं की पलीकडची माणसंही जागा करून द्यायची. फक्त भोंग्यावरून पुकारा व्हायचा तेव्हा तुमचं तोंड वाकडं व्हायचं. "आंध्राची जोडी येऊन राह्यली" असं ते पुकारायचे. तुम्ही घरी येऊन म्हणायचात, आमी काऊन आंध्राचे? माह्या बापानं गाव न सोडता निजाम पाह्यला, हैदराबाद पाह्यलं, आंध्र पाह्यलं, आणि बोलला शेवटपर्यंत मराठीच. तेलंगणा होणार म्हटल्यावर तुमचं एकच मागणं होतं. एकदा त्या भोंग्यावरून नीट नाव ऐकायचं, तेलंगणा, आदिलाबाद, बेला. नाव मिळालं, पण ते पुकारायला पट राहिला नाही.

दसऱ्याला मी हैदराबादच्या नोकरीवरून घरी आले तेव्हा तुम्ही हरण्याच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता. माझ्याशी बोललात, पण बोलण्यात मीठ नव्हतं. पळणारी जोडी तुम्ही नांगराला लावली होती. काकू म्हणाली, जेवतात, झोपतात, पण मानूस घरात नाही. मला ते पाहवलं नाही. म्हणून पुढच्या सुट्टीत मी ती गाडी घेऊन आले. सगळं गाव म्हणतं की देवरावनं पुतणीला मोटारीच्या नादाला लावलं. खरं उलटं होतं काका, आणि हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. गाडी मला चालवायची होतीच. पण ती बेल्यात आणली ती तुमच्यासाठी.

गाडी तरी कशी. हैदराबादच्या एका शौकीन मुलाकडून घेतलेली जुनी, पांढरी, चार दारांची. त्यानं तिची उंची कमी करून घेतली होती, रुंद टायर घातले होते, मागे विमानासारखा पंख बसवला होता, आणि सायलेन्सर असा की गावच्या वेशीवर असताना घरात कळावं. नाल्याच्या पुलावर तिचं पोट घासलं आणि कुत्री घरापर्यंत मागे आली. तुम्ही बाहेर आलात, गाडीभोवती एक फेरी मारलीत, चाकाला हात लावलात, पंखाला हात लावलात, आणि म्हणालात, "रंगानं ढवळी हाये. पण हिले कोनंतरी लय सजवून ठेवलं. पोळा झाल्यावर झुली उतरवा लागते." तिचं बारसं झालं ते असं.

मी तुम्हाला समजावून सांगितलं. हैदराबादच्या बाहेर एक छोटा ट्रॅक आहे. नवशिक्यांसाठी तिथं एक दिवस ठेवतात. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. आपली रोजची गाडी घेऊन जायचं, शेजारी शिकवणारा बसतो, वळण कसं घ्यायचं, ब्रेक कुठं मारायचा ते शिकायचं. तुम्ही विचारलंत, समोरून कोणी येत नाही? मी म्हटलं, नाही. बैल, शेळ्या, ऑटो? म्हटलं, काहीच नाही. तुम्ही म्हणालात, म्हंजे दान हाये. पटात बैल पळतात त्या पट्टीला दान म्हणतात. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही काकूकडून दुसरी भाकरी मागून घेतली, हे तिनं मला स्वयंपाकघरातून खूण करून सांगितलं.

मग आपली भांडणं सुरू झाली. काय गोड भांडणं होती ती. आदिलाबादच्या रफीकभाईंच्या गॅरेजात आपण दोघं बाकावर बसायचो आणि ते गाडीखालून आपलं ऐकायचे. माझं म्हणणं, इंजिन आहे ते ठीक आहे, आधी टायर, ब्रेक आणि ब्रेकचं तेल. तुमचं म्हणणं, आधी वजन. पटाचा छकडा हातानं उचलता येतो, आणि ह्या पेटाऱ्यात काय काय भरून ठेवलं. डिकीतला तो ढोलाएवढा स्पीकर निघाला, तो तुम्ही गणपतीच्या मंडळाला देऊन टाकला. पंख निघाला. तो तुम्ही गोठ्याच्या भिंतीला ठोकलात आणि पुढे त्यावर दुपट्टा वाळत घालायला लागलात. पायाखालचे गालिचे निघाले, स्टेपनी निघाली. मी बॅटरी पट्ट्यानं घट्ट बांधायला सांगत होते, आणि तुम्ही ती ठेवायचीच का असं विचारत होता. रफीकभाई खालून म्हणाले, "काका, अब बेटी को भी उतार दो, वजन और कम हो जाएगा."

नंबर प्लेटचं भांडण वेगळंच. सगळ्या जुन्या गाड्यांवरचं आंध्राचं एपी पुसून तेलंगणाचं टीएस होणार अशी हवा होती. तुम्ही सरकारच्या आधी पेंटरला घेऊन आलात. मी म्हटलं, पोलीस पकडतील. तुम्ही म्हणालात, राज्य झालं का नाही झालं? बरं झालं रफीकभाईंनी पेंटरला चहा पाजून परत पाठवलं. ते टीएस काही आजवर आलं नाही, काका. ढवळी अजून एपीच आहे.

मागची सीट मात्र तुम्ही मला न विचारता काढली. मी हैदराबादला होते, परत आले तर मागे नुसता पत्रा. वजन, म्हणालात. मी चिडले, पण सोडून दिलं.

बाबा पहिल्यापासून विरोधात होते. ते मोठे भाऊ, घराचा शब्द त्यांचा. माझं स्थळ पाहणं चालू होतं, आणि पोरगी रिंगणात मोटार फिरवते हे नदीपलीकडे कळलं तर काय, ही त्यांची धास्ती. तुमच्या तोंडावर ते काही बोलायचे नाहीत, जेवताना ताटाशी बोलायचे. निघायच्या दिवशी त्यांनी शेवटचा उपाय काढला. पांढरा सदरा घालून, पिशवी घेऊन अंगणात उभे राहिले. मीबी येतो, म्हणाले. मनात असणार, वाटेत निर्मलला नातेवाइकांकडे उतरवायचं आणि पोरीला तिथूनच परत आणायचं. तुम्ही शांतपणे मागचं दार उघडून दाखवलंत. बसायला काहीच नव्हतं. दोन माणसांचीच गाडी. बाबांनी तुमच्याकडे असं पाहिलं की मी इंजिन चालू करून टाकलं. दोघा भावांचं अंगणातच वाजलं, काकू मध्ये पडली, आणि त्या गडबडीत आपण निघालो. ती सीट खरंच वजनासाठी काढली होती का काका? निर्मलचा घाट उतरताना मी विचारलं तर तुम्ही खिडकीबाहेरचे सागवान पाहायला लागलात.

पण तुम्ही अस्वस्थ होता, ते सीटमुळे नाही. त्या भांडणात खांदमळणी राहिली होती. दर पटाआधी तुम्ही जोडीला आवतन द्यायचात, पोळा असो की नसो. जू ठेवण्याआधी खांद्याला तूप लागलं पाहिजे, हा तुमचा नेम. स्टीलची डबी सोबत घेतली होती तुम्ही, दुपट्ट्यात गुंडाळून. मला ती दिसली होती. मला वाटलं, काकूनं लोणचं दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर आपण उजाडतानाच पोचलो. रफीकभाईंनी मला ब्रेकचे पॅड बदलायला शिकवून ठेवलं होतं. जुन्या पॅडवर हैदराबाद गाठ, नवे तिथं जाऊन बसव, असा त्यांचा सल्ला. मी गाडी जॅकवर घेतली, पुढची चाकं काढली, दोन्हीकडे नवे पॅड बसवले. आजूबाजूची पोरं पाहत होती आणि तुम्ही मिशीवर हात फिरवत होता. तेवढ्यात चालवणाऱ्यांना सूचना ऐकायला शेडमध्ये बोलावलं. तुम्ही म्हणालात, तू जाय, चाकं मी लावतो. मी गेले. झेंड्यांचे रंग, ओव्हरटेक कुठं करायचं नाही, सगळं ऐकून आले. चाकं लागलेली होती. मी पाना घेऊन नट तपासले. सगळे घट्ट. तुमचं काम नेहमी चोख.

पहिली फेरी हळूच, शिकवणाऱ्याच्या सोबत. तो एक शांत तेलुगू गृहस्थ होता, माझ्या शेजारी बसला. पहिल्या वळणापाशी म्हणाला, ब्रेक. मी ब्रेक दाबला. ढवळीनं ऐकलंच नाही. पाय लाकडासारख्या पेडलवर, गाडी सरळ. प्लास्टिकचे शंकू दोन्ही बाजूंना उडाले आणि आपली ढवळी गवतात जाऊन आपोआप उभी राहिली, जणू चरायला आली. चाकांतून पांढरा धूर. त्या गृहस्थानं हेल्मेट काढलं, दोनदा नाक ओढलं आणि मला विचारलं, "यहाँ पूरी कौन तल रहा है?"

काका, तूप. तुम्ही ब्रेकच्या डिस्कला तूप-हळद चोळली होती.

नंतर मला तुमचा विचार समजला, आणि अजूनही तो मला बिनतोड वाटतो. बैलाचा खांदा कुठं असतो, तर जुवानं घासून घासून जिथं कातडं गुळगुळीत होतं तिथं. तुम्ही गाडीत तशी जागा शोधली. चाक निघालेलं होतं आणि आत ती गोल चकती, घासून चकचकीत झालेली. हाच हिचा खांदा. बिचारी किती सोसत असेल, म्हणून तुम्ही दोन्ही बाजूंनी हात भरून चोळलं. जगात दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती.

गाडी ढकलत आणली. सगळे वाकून गळती शोधायला लागले. तुम्ही उभे राहून म्हणालात, इंजिनाचं तेल असन. दोन्ही हात पाठीमागे. मी तुमच्या मागे जाऊन पाहिलं, बोटं पिवळीधमक. पुढे दीड वर्ष मी तो विषय काढत राहिले. फोनवर, माझ्या लग्नाच्या मांडवात, दिवाळीत. तुमचं उत्तर ठरलेलं, तेल होतं. मी म्हणायची, हळदीचं तेल? तुम्ही म्हणायचात, मेलो तरी तेलच म्हनीन. काका, शब्द पाळलात म्हणून मी आज तुमच्यावर रुसले आहे. त्या भांडणासाठी तरी थांबायचं होतं.

सकाळ वाया गेली. शेजारच्या एका मुलानं ब्रेक साफ करायचा फवारा दिला, मी चकत्या पुसपुसून काढल्या, तूप प्यायलेले नवे पॅड फेकले आणि जुने परत बसवले. तुम्ही सावलीत एका टायरवर बसून होता. इतके लहान दिसत होता की माझा राग गेला. तो तेलुगू गृहस्थ तुमच्यापाशी येऊन, तात, पाणी घ्या, असं म्हणाला. तात म्हणजे आजोबा. एरवी तुम्ही त्याला वय सांगितलं असतं, त्या दिवशी मुकाट्यानं पाणी घेतलंत.

दुपारी मात्र ढवळी पळाली. काय सांगू. रस्त्यावर मी तिला जोरात चालवली होती, पण तिथं मला पहिल्यांदा कळलं की जोर म्हणजे वेग नाही. वळणाआधी पूर्ण ब्रेक, मग पाय उचलून गाडीला वळू द्यायचं, मग हळूहळू पुन्हा दाबत जायचं. बाजूचा माणूस सांगत होता आणि मला तुमचं छकड्यावरचं उभं राहणं दिसत होतं. कासरा ओढायचा कधी आणि ढिला सोडायचा कधी. माझ्यापुढे चांगल्या चांगल्या गाड्या निघून गेल्या आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं हसत होते. त्याआधी आणि त्यानंतर इतकं निखळ सुख मला झालेलं नाही, हे तुम्हाला निदान एकदा तरी सांगायला हवं होतं.

आत आले तर शिकवणारी मंडळी हसत होती. तुमचे काका माइकवर बोलले, म्हणाले. गाड्यांना आत-बाहेर बोलवायला तिथं एक माइक होता. तो तुम्ही मागून घेतला होता म्हणे आणि मी समोरून जात असताना काहीतरी लांबलचक पुकारलं. काय ते कोणालाच सांगता येईना, मराठी एकालाही येत नव्हतं. मी तर त्या सायलेन्सरच्या आवाजात बहिरीच. परतीच्या वाटेवर मी किती विनवण्या केल्या. तुम्ही म्हणालात, ज्याच्यासाठी बोललो त्यानं आयकलं नाही, आता दुसऱ्यांदा काय सांगू.

परवा काकूनं सांगितलं. माझं लग्न झालं, गाडीला पलीकडचा नंबर घ्यायचा तर आरटीओच्या चकरा, म्हणून तुम्ही म्हणालात, राहू दे इथंच, जोडीपाशी बांधतो. तेव्हापासून तुम्ही अधूनमधून तिला चालू करायचात, बॅटरी उतरू नये म्हणून. हरण्या-पाखऱ्या त्या आवाजाला इतके सरावले की रवंथही थांबवत नाहीत. आणि दर वेळी तिच्या टपावर थाप मारून तुम्ही तोच पुकारा करायचात. काकूला तो पाठ झाला होता. तिनं माझ्याकडे न पाहता, भिंतीकडे पाहत म्हणून दाखवला.

"नदीच्या अलीकडची जोडी येऊन राह्यली हो. तेलंगाना, जिल्हा आदिलाबाद, बेला. जोडीचं नाव ढवळी. धुरकरी वर्षा. चारा टाकनारा देवराव."

नाव एकदा नीट ऐकायचं होतं ना तुम्हाला. ते तुम्ही स्वतःच पुकारून घेतलंत, आणि त्यात धुरकरी म्हणून मला उभं केलंत. स्वतःसाठी चारा टाकणं ठेवलंत. मी काकूच्या मांडीवर डोकं ठेवणार होते, पण सुतकात शिवायचं नाही म्हणून ती मागे सरकली.

आता जिल्हाही फुटणार म्हणतात, काका. पेपरात रोज नवा नकाशा. काकूचं माहेर मुधोळ, ते निर्मलात जाणार. तुम्ही असता तर पुकाऱ्यात काय बदलायचं यावर बाबांशी हुज्जत घातली असती. बाबा त्या बातम्या वाचतात आणि पेपर घडी करून तुमच्या बाजेवर ठेवतात.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही विचारलंत, औंदा जायचं का? आणि मी म्हटलं, पुढच्या. नवं घर होतं, नवी माणसं होती. तुम्ही आग्रह केला नाहीत. फक्त टायरमध्ये हवा भरून ठेवायचात.

एवढं लिहून झालं आणि काकूनं आतून हाक मारली.

दिवस कलला होता. बाहेर आवतनं सुरू झाली होती, गल्लीतून पळसाच्या पानांचे भारे चालले होते. काकू दाराआड उभी होती. म्हणाली, जोडीले चारा शेजारचे टाकतात, पण आवतन घरच्यानंच द्या लागते. आन घरात ज्याले त्याले सुतक. मग म्हणाली, "तुले नाई. घरची हायेस, आन तुले सुतकबी नाई. तूच जाय. तूप आपल्या घरचं घेऊ नको, शेजारून आन."

खांदमळणी गडीमाणसं करतात. बाईनं केलेली मी पाहिली नाही. पण काकूच्या आवाजात विचारणं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी विहिरीवर जाऊन रडले होते, त्याच गोष्टीसाठी तिला मी हवी होते. अख्ख्या घरात तुमचं हे काम करू शकेल अशी मी एकटीच होते.

शेजारून वाटी आणली. हरण्यानं आधी फुरफुरून पाहिलं, मग मान खाली घातली. तुमच्यासारखे माझे हात जड नाहीत, पण मी जमेल तसं चोळलं, पानांनी शेकलं, कानाशी म्हटलं. पाखऱ्यानं तर माझ्या खांद्यावरच तोंड टेकवलं. वाटीत उरलं ते घेऊन मी ढवळीपाशी आले आणि तिथं अडले. हिचा खांदा कोणता?

मागे पायांचा आवाज आला. बाबा गोठ्याच्या बाहेर, दूर उभे होते. तुम्ही गेल्यापासून ते ओसरीतून उठले नव्हते. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. माझ्या हातातल्या वाटीकडे पाहत म्हणाले, "बिरेकले नको लावू."

मी वळून पाहिलं. हे त्यांना कोणी सांगितलं होतं? घरात मी कधी बोलले नव्हते, बाबांसमोर तर नाहीच.

"त्यानंच सांगतलं," बाबा म्हणाले. "आल्या आल्या सांगतलं. लय हासला. मंग म्हने, पोरीले काई झालं असतं त? आन माह्या खांद्यावर डोकं ठेवून रडला."

म्हणजे तुम्ही कबूल केलं होतं. मला सोडून. ज्यांच्याशी अंगणात भांडून निघाला होता, त्यांच्याचपाशी. काका, दीड वर्ष तुम्ही दोघांनी मला फसवलं आणि मला हसू आलं, आणि हसता हसता मी ढवळीच्या टपावर कपाळ टेकवलं. बाबा तसेच उभे होते. मग त्यांनी गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकावल्यासारखी मान केली आणि विचारलं, मागची शीट कुठी ठेवली त्यानं?

कापसाच्या खोलीत आहे, काका. पोत्यात गुंडाळून, वर वीट ठेवून, अगदी जपून ठेवलेली. मी मघाशी पाहून आले.

मी दार उघडलं. स्टिअरिंगला थोडं तूप-हळद लावलं, जिथं हात घासून ते गुळगुळीत झालंय तिथं. उरलेलं तुमच्या बाजूच्या सीटच्या पाठीला लावलं, खांद्याच्या उंचीवर. आणि बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

काका, तुमीबी या.